श्वास घेता येतो, सोडता येत नाही: दमा, धाप आणि फुंकायची टेस्ट

फुंकर (धागा सुरू केला)

गोव्यात एका छातीच्या दवाखान्यात मी फुंकायची टेस्ट घेते. रिपोर्टवर तिचं नाव स्पायरोमेट्री, पण पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे लोक 'ती फुंकपाची टेस्ट' म्हणूनच विचारत येतात. दिवाळी उलटली की आमचा बाक भरलेला असतो. चार महिने भिंतींना धरलेली बुरशी, चवथीआधी माळ्यावरून काढलेली धूळ, मग नरकासुराच्या पोटातले फटाके आणि पहाटेचा गारवा, हे सगळं एकापाठोपाठ येतं आणि ज्यांची छाती मुळातच नाजूक, ती कुरकुरायला लागते.

ऑक्सिमीटरच्या धाग्यावर बऱ्याच जणांनी 'नेमकं बिघडतं काय ते सांगा' म्हटलं होतं, म्हणून हे वेगळं लिहिते. मी डॉक्टर नव्हे. कुठलं औषध घेऊ हे मला विचारू नका. हवा कशी येते-जाते ते विचारा, ते मी रोज बघते.

समोर बसलेला माणूस छातीवर हात ठेवून सांगतो, "हवा आत जाईना गो." आणि मशीनवरची रेघ बहुतेक वेळा वेगळंच सांगते. हवा आत गेलेली असते, बाहेर निघत नसते. जुनी हवा आत अडकून बसली की नव्या हवेला जागाच उरत नाही, आणि माणसाला वाटतं श्वास घेता येत नाही. दमा आणि सीओपीडी (धुराने-धुळीने नळ्या कायमच्या अरुंद होतात तो जुनाट आजार), दोन्हींत मूळ दुखणं हे आहे.

थोडं मुळापासून. फुप्फुसाला स्वतःला फुगवायचे स्नायू नाहीत. ते काम खालचं श्वासपटल आणि बरगड्यांमधले स्नायू करतात. श्वासपटल खाली सरकतं, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीची पोकळी वाढते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो आणि हवा आपसूक आत येते. सोडताना शांत बसलेल्या निरोगी माणसाला काहीच करावं लागत नाही. स्नायू सैल पडतात, ताणलेलं फुप्फुस आपल्या लवचीकपणाने आकसतं, हवा बाहेर. मिनिटाला १२ ते २० वेळा, दर खेपेला साधारण अर्धा लिटर. त्यातली दीडशे मिलिलिटर तर नळ्यांतच फिरून परत येते, रक्तापर्यंत पोचतही नाही.

वाट अशी: नाकात हवा गाळली जाते, गरम आणि ओलसर होते. तोंडाने श्वास घेणाऱ्याला ही सोय नाही. मग घसा, स्वरयंत्र, पुढे १० ते १२ सेंटिमीटरची मुख्य श्वासनलिका. तिला इंग्रजी 'सी'च्या आकाराच्या कुर्च्यांच्या कड्या असतात, म्हणून ती मिटत नाही. मग ती डावी-उजवीकडे फुटते, आणि अशी साधारण २३ वेळा फुटत फुटत जाते. शेवटी वायुकोश, म्हणजे हवेचे इवलेसे फुगे. दोन्ही फुप्फुसांत मिळून ३० ते ५० कोटी, आणि सगळे उलगडून पसरले तर जवळजवळ ७० चौरस मीटर. वायुकोशातली हवा आणि शेजारच्या केशवाहिनीतलं रक्त यांच्यामध्ये मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ पडदा. त्यातून प्राणवायू रक्तात उतरतो, कार्बन डायऑक्साइड हवेत येतो. आत जाणाऱ्या हवेत २१ टक्के प्राणवायू असतो, बाहेर येणाऱ्या हवेत अजून १६ टक्के उरलेला असतो.

आता बिघाड. मिलिमीटरभर व्यासाच्या शेवटच्या नळ्यांना कुर्चा नसते, नुसते स्नायू असतात. दम्यात हे स्नायू आवळतात, नळीचं अस्तर सुजतं आणि वर चिकट कफ, असं तिहेरी. नळीचा व्यास निम्मा झाला तर हवेला होणारा अडथळा दुप्पट होत नाही, १६ पट होतो. श्वास घेताना छाती फुलते तेव्हा नळ्याही थोड्या ताणून उघडतात, म्हणून हवा आत शिरते. सोडताना त्या आणखी अरुंद होतात आणि शिट्टीसारखा आवाज येतो.

टेस्टमध्ये हेच मोजतो. नाकाला चिमटा, पोटभर श्वास घ्या, ओठ नळीभोवती घट्ट आणि जीव खाऊन फुंका, थांबू नका, फुंका, फुंका, फुंका. माझा आवाज बाहेर रिक्षा स्टँडपर्यंत जातो म्हणे. एकूण हवा किती निघाली आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती, हे दोन आकडे महत्त्वाचे. निरोगी प्रौढाची तीन-चतुर्थांशाहून जास्त हवा पहिल्याच सेकंदाला बाहेर पडते. नळ्या अरुंद असल्या की माणूस फुंकत राहतो, फुंकत राहतो, आणि रेघ आडवी व्हायलाच तयार नसते.

ही मोजणी नवी नाही. लंडनच्या जॉन हचिन्सन नावाच्या डॉक्टरने १८४६ साली दोन हजारांहून अधिक लोकांना आपल्या यंत्रात फुंकायला लावून निष्कर्ष छापले. माणूस जितका उंच तितकी फुंकर मोठी, हे त्याचं निरीक्षण. म्हणून आम्ही आधी उंची मोजतो. "छातीच्या टेस्टीक उंची कित्याक?" याचं उत्तर एवढंच.

कुळागर

ताई, छान लिहिलंत. पण एक विचारतो, रागावू नका. आमच्या आईला डॉक्टरांनी दम्याचा पंप (इनहेलर) लिहून दिलाय आणि घरात सगळे म्हणतात, पंपाची एकदा सवय लागली की सुटत नाही. शेजारच्या काकांचं उदाहरण देतात, "पंप धरला आणि मेलो". त्यापेक्षा गोळ्या बऱ्या ना? कसाय (काढा) तर रोज चालूच आहे.

जुनो_दोतोर

कुळागर, मी लिहितो, फुंकरबाईंनी औषधाचं माझ्यावर टाकलंय.

गोळी आणि पंपात औषध बहुधा एकच. फरक पोचवण्याचा. साल्ब्युटामॉल, म्हणजे नळ्या मोकळ्या करणारं औषध, त्याची मोठ्यांची गोळी ४ मिलिग्रॅमची येते, म्हणजे ४,००० मायक्रोग्रॅम. पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा. गोळी पोटातून रक्तात, रक्तातून सगळ्या अंगभर, तेव्हा कुठे थोडं छातीत. म्हणून गोळीने हात थरथरतात, छातीत धडधडतं. फवारा थेट नळीवर बसतो. स्टेरॉइडचंही तेच: तोंडाने मिलिग्रॅममध्ये, पंपातून मायक्रोग्रॅममध्ये. ज्याला स्टेरॉइडची भीती वाटते त्यानेच पंप धरावा असं मी आयुष्यभर सांगत आलो, पण लोकांना गोळी दिसायला सभ्य वाटते.

'सवय' म्हणता ती आजाराची असते. चष्म्याची सवय लागली असं आपण म्हणत नाही. आणि पंप घेतला म्हणून शेजारचे काका गेले, की पंप फार उशिरा हातात आला म्हणून गेले, ते घरच्यांना विचारून बघा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पंप दोन प्रकारचे. एक तात्काळ मोकळं करणारा, त्याने पाच-दहा मिनिटांत स्नायू सैल पडतात. दुसरा सूज उतरवणारा, त्यात अगदी थोडं स्टेरॉइड. तो घेतल्याक्षणी काहीच वाटत नाही, म्हणून लोक तो बंद करतात आणि पहिल्यावर दिवस काढतात. आग तशीच, फक्त धूर हाकलायचा. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात की मोठ्यांनी आणि किशोरवयीन मुलांनी नुसत्या मोकळं करणाऱ्या पंपावर राहू नये. आईला नेमका कुठला दिलाय ते बघा. स्टेरॉइडचा असला तर घेतल्यावर चूळ भरून थुंकायला सांगा, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते.

कसाय पिऊ द्या. घशाला बरं वाटतं. नळीच्या स्नायूपर्यंत ते जात नाही.

फुंकर

दोतोर, यात माझी भर. पंप चुकीचा घेणारे इतके दिसतात की औषध चुकलं असं म्हणायची पाळी क्वचितच येते.

फवाऱ्याचा पंप: हलवायचा, आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग सावकाश आत घ्यायला सुरुवात करतानाच दाबायचा, आणि दहा सेकंद श्वास धरायचा. लोक काय करतात, तोंड उघडून आत फस्स करतात आणि लगेच "झालं" म्हणतात. सगळं औषध जिभेवर. त्याला उपाय स्पेसर, तो प्लास्टिकचा डबा. पंप त्यात दाबायचा आणि शांतपणे श्वास घ्यायचा. स्पेसर फक्त मुलांसाठी असतो हा गैरसमज आहे, आणि बाजारात घेऊन फिरायला लाज वाटते हे खरं कारण आहे.

पावडरीचा पंप उलटा: तिथे श्वास जोरात आणि झटक्यात ओढावा लागतो, कारण पावडर उडवायला दुसरं काही नाही. एक आजी महिनाभर 'औषध लागू पडत नाही' म्हणून आल्या. "कसं घेता दाखवा" म्हटल्यावर पिशवीतून पाण्याची बाटली काढली, पंपात घालायची कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि गिळून टाकली. पंप घरी फडताळात, डब्यातून न काढलेला. त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं. कॅप्सूल दिसते तशी गिळली, त्यांचं काय चुकलं?

शेवटची_फेरीबोट

माझा प्रश्न बाबांबद्दल. वय ६८. डिचोली भागात खाणीच्या ट्रकवर होते, २०१२ साली खाणींवर बंदी येईपर्यंत. विडी वीस-बावीस वर्षांची असल्यापासून. सकाळी उठल्यावर खोकला, कफ, मग दिवसभर बरे. आता साखळीच्या बाजारात चढ लागला की थांबतात, दुकानाच्या पाट्या वाचल्यासारखं करतात. घरी विचारलं तर "वय झालें मरे" एवढंच. हा दमा म्हणायचा का?

जुनो_दोतोर

पाट्या वाचल्यासारखं करतात! हे एकच वाक्य मला केस पेपरावर लिहून दिलं असतं तर अर्धं निदान झालं असतं.

न तपासता सांगणं बरोबर नाही, पण तुम्ही जे वर्णन केलंत त्यात सीओपीडीचा विचार आधी करावा लागतो. दमा येतो-जातो. आज बेजार, उद्या ठणठणीत, आणि बहुधा लहानपणापासून किंवा तरुणपणी सुरू झालेला. सीओपीडी चाळिशीनंतर हळूहळू चढतो आणि उतरत नाही. माणूस आपलं चालणं त्याप्रमाणे कमी करत जातो, म्हणून त्याला स्वतःला कळतही नाही. आता जिना नको, आता देवळापर्यंत नको, आता अंगणातच बरं.

आत काय होतं: धुराने नळ्या जाड होतात ते एक. दुसरं, वायुकोशांच्या भिंती झिजून मोडतात. या भिंती नुसत्या हवेसाठी नसतात. मंडपाच्या दोऱ्या जशा चारी बाजूंनी कापड ताणून धरतात, तशा त्या बारीक नळ्यांना उघडं धरतात. दोऱ्या तुटल्या की श्वास सोडताना नळी कोसळते आणि हवा मागे कोंडते. मोडलेल्या भिंती कुठल्याही औषधाने परत येत नाहीत. पण विडी आज सोडली तर पुढची झीज मंदावते, ६८ व्या वर्षीसुद्धा. सोडल्यावर काही आठवडे खोकला वाढेल, त्याला घाबरून परत पेटवायला देऊ नका. नळ्यांच्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात, ते कफ घशाकडे ढकलत असतात. धुराने ते लुळे पडलेले असतात, धूर थांबला की कामाला लागतात आणि साठलेलं बाहेर काढतात.

खाणीचं वेगळं. धुळीचा मोठा कण नाकात-घशात अडकतो. पाच मायक्रोनहून (मायक्रोन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) बारीक कण वायुकोशापर्यंत जातो. त्यात सिलिका (दगड-वाळूतलं द्रव्य) असेल तर तिथल्या सफाई करणाऱ्या पेशी तो कण गिळतात आणि स्वतःच मरतात, त्या जागी व्रण धरतो. फुप्फुस ताठ होतं. त्यात फुंकरबाईंच्या रेघेवर वेगळंच चित्र येतं: हवा झटक्यात बाहेर पडते, पण मुळात एकूण हवाच कमी. सिलिका गेलेल्या फुप्फुसात क्षयाचा धोकाही वाढतो. म्हणून एक्स-रे आणि थुंकीची तपासणी दोन्ही करा, आणि ट्रकवर किती वर्षं होते, ताडपत्री असायची की नाही, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. कुणी विचारत नाही.

शेवटची_फेरीबोट

ताडपत्री कागदावर असायची. काचा उघड्या ठेवूनच चालवायचे, उकाड्याने. घरी यायचे तेव्हा भुवया लाल. आई शर्ट वेगळ्या बालदीत भिजवायची.

क्षय म्हटल्यावर पोटात गोळा आला.

जुनो_दोतोर

गोळा येऊ देऊ नका. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असला की थुंकी तपासायची, हा साधा नियम आहे, तो सगळ्यांना लागू. रॉबर्ट कॉखने १८८२ साली जंतू दाखवून दिला तेव्हा औषध नव्हतं. आज नेहमीच्या क्षयाला सहा महिन्यांचा इलाज आहे आणि सरकारी केंद्रात तपासणी-औषध दोन्ही फुकट. लोक दोन महिन्यांत बरं वाटलं की थांबवतात, तिथे घोटाळा होतो. पण आधी तपासा तर खरं, निम्मे लोक तपासायच्या आधीच मनातल्या मनात सहा महिने आजारी पडतात.

फुंकर

@शेवटची_फेरीबोट, तपासणी होईपर्यंत बाबांना एक शिकवा. चढावर थांबले की नाकाने श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, दिवा न विझवता ज्योत नुसती हलवायची असेल तशी, हळू सोडायचा. घ्यायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला. ओठांशी अडथळा केला की आत थोडा दाब राहतो आणि कोसळणाऱ्या नळ्या उघड्या राहतात, कोंडलेली हवा निघते. जोरजोरात घाईने श्वास घेत राहिलं तर उलट जास्त कोंडते.

आबोली

माझं बाळ आठ महिन्यांचं आहे. सर्दी झाली की छातीत घरघर वाजते आणि सासूबाई लगेच "छाती भरली" म्हणून कापूर घातलेलं तेल चोळतात. मला घरघरीची भीती वाटते. न्यूमोनिया कसा ओळखायचा?

जुनो_दोतोर

आबोली, घरघर बरेचदा नाकातली असते. आवाज ऐकू नकोस, मोज. बाळ शांत किंवा झोपलेलं असताना अंगावरचा कपडा वर करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, म्हणजे श्वास जलद. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, दूध सोडलं असेल, मलूल असेल, तर फोनवर विचारत बसायचं नाही, निघायचं. न्यूमोनियात वायुकोशात हवेच्या जागी पू-पाणी भरतं, म्हणून शरीर श्वासांची संख्या वाढवून भरपाई करतं. ती संख्या स्टेथोस्कोपशिवायही दिसते.

कापूर एवढ्या लहान बाळाला नको. नाकाजवळ तर मुळीच नको. सासूबाईंना माझं नाव सांग, म्हण म्हातारा दोतोर म्हणाला. वाफारा द्यायला उकळत्या पाण्याचं भांडंही बाळाजवळ नको, भाजलेली मुलं मी पाहिली आहेत.

ठसका

मुलांचं निघालंच आहे तर शेंगदाणा विसरू नका. मी नर्स आहे. पाच वर्षांखालच्या पोराला अख्खा शेंगदाणा, चणा, काजूची फोड देऊ नका. काजूच्या गावात हे कोणी ऐकत नाही ते माहीत आहे. हसता-हसता तो श्वासनलिकेत जातो आणि बहुधा उजव्या बाजूला, कारण उजवी शाखा जास्त रुंद आणि सरळ उभी. आधी जोराचा ठसका, मग पोर गप्प, सगळे म्हणतात "गेला खाली". आठवड्याने एकाच बाजूला शिट्टी वाजते आणि दम्याचं औषध चालू होतं. ठसका लागला होता हे डॉक्टरला सांगायचं राहून जातं.

गळ्यात अडकून आवाजच बंद झाला तर: वर्षाखालचं बाळ हातावर पालथं, डोकं खाली, पाठीत पाच थापा, मग उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. मोठ्या मुलाला मागून मिठी मारून बेंबीच्या वर आत-वर झटका. तोंडात बोट घालून चाचपायचं नाही. आणि जो खोकतोय त्याला खोकू द्या, खोकला हेच सर्वात चांगलं काम करतो.

सुंगटाचं_हुमण

आणि माशाचा काटा? आमच्याकडे भाताचा गोळा गिळायला लावतात.

ठसका

काटा बहुधा टॉन्सिलपाशी नाहीतर अन्ननलिकेत अडकतो, श्वासनलिकेत नाही. त्यामुळे दम लागत नाही, टोचतं. भाताच्या गोळ्याने तो कधी जातो, कधी आणखी खोल रुततो. टोचणं थांबलं नाही तर कानाघशाच्या डॉक्टरकडे. हा धागा छातीचा आहे हो.

म्हादईकाठी

चिरेखाणींत पावसाचं पाणी साठतं तिथे आमच्या गावची पोरं 'कोण जास्त वेळ खाली राहतो' खेळतात. बुडी मारायच्या आधी दहा-पंधरा मोठमोठे श्वास घेतात, म्हणे जास्त ऑक्सिजन भरतो. खरं का?

फुंकर

खोटं आणि जीवघेणं. रक्तातला प्राणवायू निरोगी माणसात आधीच जवळजवळ पूर्ण भरलेला असतो, अजून फारसा भरत नाही. त्या जोरजोराच्या श्वासांनी बाहेर जातो तो कार्बन डायऑक्साइड. आणि 'आता श्वास घे' ही हाक मेंदूच्या तळाशी असलेलं केंद्र मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर देतं. तो आधीच घालवून टाकला की हाक उशिरा येते. तोवर प्राणवायू इतका उतरतो की पोराला काहीही न जाणवता शुद्ध जाते. पाण्याखाली. धडपड नाही, ओरडणं नाही, वर उभ्या असलेल्यांना वाटतं हा जिंकतोय. चांगले पोहणारेही असे गेले आहेत. त्या पोरांना पाण्यावर जाऊन ओरडा, इथे लिहून उपयोग नाही.

कुळागर

आईचे दोन्ही पंप तपासले. स्टेरॉइडचा सीलबंद निघाला. दुसरा जवळजवळ रिकामा. दोतोर, तुमचं म्हणणं अगदी तंतोतंत. अजून एक: त्यांच्या खोलीत पावसात भिंतीला बुरशी येते, कपाटातल्या साड्यांनाही. आणि रात्री डासांची कॉइल.

जुनो_दोतोर

कॉइल आज बंद करा. २००३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. आपल्याकडे १९९७ साली सार्वजनिक जागी धूम्रपान आणि थुंकण्याविरुद्ध कायदा झाला आणि आपण खिडक्या लावून उशाशी हे जाळतो. मच्छरदाणी लावा. बुरशी ओल्या फडक्याने पुसा, कोरड्या केरसुणीने झाडू नका, आणि पुसताना आई खोलीत नको. गादी-उशीत धूळकिडे असतात, त्यांना आपली दमट हवा फार मानवते. चादरी-अभ्रे आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

आणि हे सगळ्यांनीच लक्षात ठेवा. दम्याचा अटॅक आलेला माणूस वाक्य पूर्ण करू शकत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, गुंगी येत असेल, किंवा पंप घेऊनही उतार नसेल, तर १०८ लावा. शिट्टी वाजत होती आणि अचानक थांबली पण माणूस तसाच तडफडतोय, तर तो बरा होत नाहीये. आवाज व्हायलासुद्धा हवा हलावी लागते.

वास्कोचा_वारा

आमच्या खिडकीच्या गजांवर रोज काळी भुकटी बसते, बोट फिरवलं की काजळ. त्यासाठी कुठला मास्क? कापडाचा चालतो का?

जुनो_दोतोर

कापडाने मोठी धूळ अडते, बारीक कण आरपार जातात. एन-९५ लागेल, नाकावर घट्ट बसणारा. पण चोवीस तास कोण घालणार? घराची ती बाजू वारा फिरेल तेव्हा बंद ठेवा, ओल्या फडक्याने पुसा. बाकीचा प्रश्न वैद्यकाचा नाही, ग्रामसभा-नगरपालिकेचा आहे, तिथे मांडा.

संपादक

काही सभासदांनी एक्स-रे आणि रिपोर्टचे फोटो टाकले होते, ते काढले आहेत. कृपया नाव-वय असलेले कागद इथे टाकू नयेत.

शेवटची_फेरीबोट

बाबा तयार झाले. ओठांचा चंबू करून सोडायचं त्यांना पटलं, कालपासून नातवाला शिकवतायत. विडीचं अजून काही बोलत नाहीत. थुंकी देऊन आलो, सोमवारी फुंकायची टेस्ट. काय तयारी लागते? उपाशी जायचं का?

फुंकर

उपाशी नको, पण टेस्टच्या दोन तास आधीपर्यंत हलकंच खा. शीत-कडी ओरपून आलेल्याला पोटभर श्वास घेता येत नाही. कपडे सैल, कमरेचा पट्टा ढिला. निदान तासभर आधी विडी नाही. कुठला पंप चालू असेल तर तो किती तास आधी थांबवायचा ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका. नुकतं डोळ्याचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालं असेल, हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर आधी सांगा, मग ही टेस्ट पुढे ढकलतात.

एकदा फुंकून झालं की मोकळं करणारं औषध देतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी परत फुंकायला लावतात. आकडा चांगला सुधारला तर दम्याकडे कल, फारसा सुधारला नाही आणि पहिल्या सेकंदाचा वाटा ७० टक्क्यांच्या खालीच राहिला तर सीओपीडीकडे. त्यामुळे तासभर मोडतो, घाईत येऊ नका.

शेवटची_फेरीबोट

देव बरें करूं, ताई. ते विचारतायत, कवळी काढून फुंकायचं की घालून?

फुंकर

घट्ट बसत असेल तर घालूनच. ओठांना आतून आधार मिळतो आणि नळीच्या कडेने हवा सुटत नाही. सैल असेल तर काढून रुमालात. एका मामांची माझ्या मशीनवर येऊन आपटली होती.